घोट्यापर्यंतचं नायलॉन

"हे काय म्हनायचं? कांद्याचं साल?"

ताराक्कानं ते उन्हाकडं धरलं आणि त्याच्या आरपार बघितलं. पलीकडं तंबूचे खांब होते, दोऱ्या होत्या, रांगेनं बांधलेली घोडी होती आणि तोंडं उघडी टाकून उभ्या असलेल्या आम्ही सात पोरी होतो. तिला सगळं गुलाबी दिसलं असणार, कारण ते साल गुलाबी होतं.

"साल नाही, टाइट्स आहेत," आबासाहेब म्हणाले. "नायलॉनच्या. बर्फावर नाचणाऱ्या परदेशी बायकांचा खेळ मुंबईला आला होता. जाताना त्यांनी जादा सामान काढून टाकलं, त्यातनं सहा आणल्यात. जपून वापरा. फाटली तर दुसरी मिळायची नाही."

आबासाहेब म्हणजे आमच्या कृष्णाकाठ सर्कशीचे मालक. बोलणं मोजकं, मिशी भरपूर. ते पाठ फिरवून गेले, त्यांच्या वहाणांची करकर ऐकू येईनाशी झाली आणि आम्ही जो कालवा केला, तो ऐकून मागं बांधलेली हत्तीण ओरडली. खरंच ओरडली.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसाठ सालची. मी एकोणीस वर्षांची होते. शालन कोळेकर, तासगावकडची. पोस्टरवर मिस शालन. मी झोक्यावर काम करायची. मुक्काम एका गिरणीच्या गावात होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं ज्या बाईंची हकीकत येणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं असतील.

नायलॉन म्हटल्यावर आम्ही एवढ्या का वेड्या झालो ते कळायला आमच्या सुती टाइट्स बघायला हव्या होत्या. जाड विणीच्या, कमरेपासून पावलापर्यंत एकसलग. सर्कशीतल्या बाईनं उघडे पाय घेऊन रिंगणात यायचं नाही, असा दंडक होता, म्हणून त्या. कपडेपट ताराक्काकडं. ती त्या टाइट्स गेरूच्या पाण्यात बुडवून गोऱ्या बाईच्या पायाचा रंग आणायचा प्रयत्न करायची आणि दर वेळी वेगळाच रंग यायचा. एकदा तर आम्ही अख्खा पंधरवडा नारिंगी पायांनी काम केलं. आणि दोन खेळ झाले, की गुडघ्याला पिशव्या यायच्या. माझ्या एकेका गुडघ्यात पावशेर हरभरे सहज मावले असते.

आता हौसानं एक नायलॉन डोक्यातच घातली. हौसा माझ्या शेजारच्या गावची, झोक्यावरची माझी जोडीदारीण. टाइटचे दोन पाय कानांवरून लोंबायला लागले, नाक चपटं झालं, ओठ दाबले गेले आणि तसल्या तोंडानं ती म्हणाली, "मला बघायला येणार आहेत आज."

मी ट्रंकेवर बसले ती हसता हसता खाली घसरले. एकीनं हातात घातली, कोपरापर्यंत चढवली आणि मेमसाहेबासारखा हात पुढं केला. दुसरीनं एक टोक धरलं, तिसरी दुसरं टोक धरून तंबूच्या दारापर्यंत चालत गेली. तुटेना. सोडलं तर फट्दिशी परत! मग तेच दहा वेळा.

"पुरं आता! मानसासारक्या पायात घाला," ताराक्का ओरडली. पण तिलाही हसू आवरत नव्हतं. "माझ्या आईच्या वक्ताला नुसतं जाड सूत. उन्हाळ्यात पाय उकडून निघायचे. मग माझ्या वक्ताला नकली रेशीम आलं. असं चकाकायचं, की घोडी बुजायची. मग लढाई लागली, काय म्हंजे काय मिळंना. तवा पोरी पायाला गेरू आन चहाचं पानी फासून रिंगनात जायच्या."

"मग घाम आल्यावर?"

"घाम आल्यावर काय? ओघळ. वाघाच्या पिंजऱ्यातून आल्यावानी पट्टंच पट्टं."

मी टाइट घातली. घातली आहे का नाही तेच कळेना. पोटरीवरून हात फिरवला तर हात कुठं थांबेचना. गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. पिशवी नाही. मी बसल्या जागी तीनदा उठाबशा काढल्या. पिशवी नाहीच! आम्ही सगळ्या जणी तंबूत उठाबशा काढत सुटलो.

पाकिटावर इंग्रजीत रंगाचं नाव लिहिलं होतं. आबासाहेबांनी त्याचा अर्थ सांगितला होता, की कातडीचा रंग.

"कुनाच्या कातडीचा?" ताराक्कानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत विचारलं. माझं तोंड, दंड, हात चांगले भाजलेल्या कॉफीसारखे. आणि कमरेखाली गुलाबी. पण ते तर रोजचंच होतं. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, मलाही नाही.

अडचण आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, सरावाला.

त्या रविवारी तीनच्या खेळाला मी पहिल्यांदा पायपकड करणार होते. झोक्याच्या खेळात उडणाऱ्याला पकडणारा मनगटाला पकडतो. पायपकडीत तसं नाही. झोका उंच गेला की हात सोडायचे, हवेत अंग फिरवायचं, आणि समोरच्या झोक्यावर गुडघ्यांत उलट्या लटकलेल्या माणसानं आपले घोटे पकडायचे. डोकं खाली, हात मोकळे. तीन वर्षं मी त्याच्या मागं होते. आमच्या सर्कशीत ताराक्कानंतर बाईनं पायपकड केलीच नव्हती.

पकडणारे कुंजीमास्तर. केरळातल्या तलशेरीचे. मराठी बोलायचे ते तोलून मापून, जणू शब्दसुद्धा हातातून सुटेल. "शालन, तुमी पाय सरळ ठेवा. बाकी मी बगतो," एवढंच ते रोज म्हणायचे. आणि रोज बघायचे. सुती टाइटमध्ये ती पकड चाळीस वेळा तरी झाली होती.

नायलॉन घालून मी झोका घेतला, सुटले, फिरले. मास्तरांचे हात घोट्यांवर बसले आणि सुळ्ळकन पावलांवरून निघून गेले. मी जाळीत.

"मासळी!" वरून मास्तर ओरडले. उलटं लटकून हसणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही कधी बघितला आहे का? मी जाळीत पडल्या पडल्या इतकी हसले, की मला उठता येईना.

दुसऱ्यांदा तेच. हसलो, पण थोडं कमी. तिसऱ्यांदा मास्तरांनी राळ चोळली. आम्ही हाताला लावायचो ती राळेची पूड त्यांनी माझ्या घोट्यांना टाइटवरूनच चोळली. या वेळी पकड बसली. क्षणभरच. मग त्यांच्या मुठीत नायलॉन राहिलं आणि त्यातून माझे पाय निसटले. एक धागा सुटला तो पोटरीवरून गुडघ्यापर्यंत सरसरत गेला, आणि मी तिरकी पडले ती जाळीच्या अगदी कडेला, दोरखंडावर. खांदा असा ठणकला, की डोळ्यांपुढं पांढरं झालं. अजून हातभर पलीकडं गेले असते, तर खाली जमीन होती.

आता कुणी हसलं नाही. मास्तर खाली उतरले, आपले दोन्ही तळहात बघत राहिले.

आबासाहेबांना सांगायला आम्ही तिघं गेलो. मी, मास्तर आणि मागून लंगडत ताराक्का. तिचा उजवा गुडघा वाकायचा नाही. का, ते आम्हां पोरींना ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे असतात तसा तो एक गुडघा.

"पायपकडीपुरती सुती घालू द्या," मी म्हणाले.

"गावभर पोस्टर लागलीत. पहिल्या रांगेत फौजदार, गिरणीचे मॅनेजर बायकामुलांसकट येणार. आणि मुख्य खेळाला तू गुडघ्याला पिशव्या घेऊन येणार?" आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "जमत नसेल तर राहू दे. पुढच्या गावाला बघू. घाई नाही."

पुढच्या गावाला बघू म्हणजे काय, ते मला कळत होतं. तीन वर्षं मी तेच ऐकत होते.

तंबूत परत येऊन मी ट्रंकेवर बसले आणि रडायला लागले. ताराक्का समोर बसली. तिनं लुगडं वर घेतलं आणि गुडघा दाखवला. वाटी जागेवर नव्हती. एका बाजूला सरकलेली, आणि खाली जखमेचा लांब वण.

"अडतीस साल," ती म्हणाली. "नकली रेशीम. तेबी असंच सुळसुळीत. मी आबासाहेबांच्या वडलांना म्हनले, टाइटची पावलं कापून टाका, घोटा उघडा ऱ्हाऊ द्या, मानसाच्या हाताला मानसाचं कातडं धरू द्या. तर म्हनाले, वर गोऱ्या पोटऱ्या आन खाली काळी पावलं? लोक हसतील. मी गप बसले. तिसऱ्या खेळाला पडले."

ती कधीच, कुणालाच हे बोलली नव्हती.

"मग आता?"

"आता मी गप बसनार न्हाई." तिनं कपडेपटाची मोठी कात्री काढली, माझ्यासाठी दुसरी, न फाटलेली टाइट घेतली, तिचं पाऊल धरलं आणि घोट्याच्या चार बोटं वर कचकन कापलं. दुसरं कापलं.

"अगं आक्का! लोक हसतील की!"

"रंग दोन असले तर हसतील," ताराक्का म्हणाली. "चूल पेटव."

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. शनिवारची दुपार, कपड्यांच्या तंबूमागं तीन दगडांची चूल, तिच्यावर पितळी पातेलं. पातेल्यात चहाची भुकटी, पानाला लावायचा कात आणि तुरटीचा खडा. ताराक्कानं आधी कापलेलं पाऊलच उकळायला टाकलं, नमुना म्हणून. काठीनं बाहेर काढलं तर विड्यासारखं लाल!

"हे तुझं पाऊल न्हवं, ही माझी जीभ हाय," ताराक्का म्हणाली आणि आणखी चहा ओतला.

मी स्टुलावर, एक पाय उन्हात पुढं काढून बसलेली. दर उकळीला ताराक्का तो ओला तुकडा माझ्या घोट्यावर ठेवून डोळे बारीक करून बघायची. बघता बघता सगळी सर्कस जमली. सायकलवाले आले, रिंगमास्तर आले, आचारी आला. माझ्या पायाच्या रंगावर प्रत्येकाला मत होतं.

"अजून थोडी काळी आहे ती."

"काळी नव्हे, तांबूस आहे. नीट बघा."

"गुळासारखी म्हणा."

"जुन्या गुळासारखी," आचारी म्हणाला. "नव्या गुळाला पिवळेपणा असतो."

"गप बसा रे मेल्यांनो!" मी ओरडत होते आणि हसून हसून स्टूल डुगडुगत होतं. कुंजीमास्तर सगळ्यांच्या मागं उभे होते. त्यांनी हात वर केला. सगळे थांबले. "एक चमचा कात," मास्तर म्हणाले. "मी रोज तो पाय बगतो. मला माहीत आहे."

ताराक्कानं एक चमचा कात टाकला. पुढच्या उकळीला तिनं तुकडा माझ्या घोट्यावर ठेवला आणि हात काढून घेतला. तुकडा कुठं आहे ते दिसेना. हौसानं बोटानं चाचपून तो शोधला.

मग आख्खी टाइट पातेल्यात गेली.

रविवारी तीनला तंबू भरून वाहत होता. मी पडद्याआड उभी होते. वर चमकीची तंग चोळी, खाली तोकडी झालरीची चड्डी, आणि तिथून घोट्यापर्यंत ताराक्काचं नायलॉन. बँड सुरू झाला. तेवढ्यात आबासाहेब आले. त्यांची नजर खाली गेली आणि मिशी थरथरली.

"हे काय? टाइट कुठाय?"

"घातलीय मालक."

"उघडे पाय घेऊन रिंगणात जाणार? माझी सर्कस बंद पाडायची आहे का? जा, टाइट घालून ये!"

"घातलीय, मालक! शपथ!"

"मला आंधळा समजतेस?"

तेवढ्यात कर्ण्यातून रिंगमास्तरांचा आवाज घुमला, "मिस शालन! प्राणघातक पायपकड!" पडदा उघडला. आबासाहेबांचा हात माझ्या दंडावर येत होता. मी पळाले.

शिडीवर चढताना खालचा गलबला हळूहळू लांब जातो, ते मला फार आवडायचं. वर मचाणावर पोचलं की फक्त बँड आणि आपला श्वास. त्या दिवशी मला तोही ऐकू येत नव्हता. हौसानं झोका माझ्या हातात दिला. समोर मास्तर उलटे झाले. त्यांनी दोन्ही हात उघडले.

मी गेले. एक झोका. दुसरा झोका. तिसऱ्याला वर, जिथं क्षणभर काहीच वजन राहत नाही, तिथं मी हात सोडले. तंबूचं छत माझ्या पायांखालून गेलं, माणसं डोक्यावर आली, सगळं फिरलं, आणि माझ्या दोन्ही घोट्यांवर मास्तरांचे हात बसले. खरखरीत, घट्टे पडलेले, गरम. जरासुद्धा हलले नाहीत.

मी हात पसरले. मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं, की म्हणे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. उलट्या लटकलेल्या मास्तरांच्या हातात उलटी लटकलेली मी, अख्ख्या तंबूभर झोके घेत होते आणि हसत होते.

खाली आले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट चालू होता, पण त्यात दुसराही एक आवाज होता. कुजबुज. शिट्ट्या. "उघडीच आली की रे!" मग पहिल्या रांगेतून खाकी टोपी उभी राहिली. फौजदारसाहेबांनी हात वर केला आणि बँड एकेका वाद्यानं गप होत गेला. सगळ्यांत शेवटी ढोल थांबला.

फौजदार रिंगणात आले. माणूस सभ्य होता. माझ्या पायांकडं बघावं, की बघू नये, या पेचात त्यांनी समोरच्या खांबाकडं बघत म्हटलं, "बाई, आपल्या पायांत काही नाही."

"आहे साहेब."

"मला दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच केलंय, साहेब."

लोक हसले. फौजदारांचे कान लाल झाले. आबासाहेब धावत आले होते. "साहेब, मी तिला आत बजावलं होतं..."

"घातलीय!" मी इतक्या जोरात म्हणाले, की रिंगमास्तरांच्या हातातल्या मायक्रोफोननं तो शब्द तीनदा घुमवला. "हात लावून बघा!"

फौजदारांनी हात झटकन पाठीमागं घेतला, जणू कुणी निखारा पुढं केला होता.

"अहो, तुम्ही व्हा बाजूला."

पहिल्या रांगेतून एक बाई उठल्या. जांभळं इरकली पातळ, खांद्यावरून पदर, कडेवरचं मूल शेजारणीच्या मांडीवर ठेवून त्या थेट रिंगणात आल्या. फौजदारांच्या पत्नी, अनसूयाबाई. त्या माझ्यासमोर वाकल्या. आधी नुसतं बघितलं. मग दोन बोटांनी माझ्या पोटरीवर चिमटा काढला आणि ओढला. माझी कातडी वीतभर लांब आली. तंबूतून एकच "आई गं!" उठला.

बाईंनी सोडलं. फट्!

मायक्रोफोन जवळच होता. ती फट् चारी कर्ण्यांतून निघाली. घोडीसुद्धा दचकली.

अनसूयाबाईंनी माझ्याकडं वर बघितलं. त्यांचे डोळे गोल झाले होते. त्यांनी पुन्हा ओढलं. या वेळी दोन विती. फट्! मग त्या हसायला लागल्या. रिंगणातल्या भुशात उकिडव्या बसून, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मीही हसायला लागले. लोकांनी बाकं बडवायला सुरुवात केली. "अजून एकदा, वहिनी!" कुणी तरी ओरडलं, आणि त्यांनी खरंच अजून एकदा केलं.

"आहे हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पायभर आहे. तुमच्या डोळ्यांना चष्मा लागला."

फौजदारांनी खांबाला सांगितलं, "खेळ चालू ठेवा."

उठताना अनसूयाबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं. हसू तसंच होतं, पण आवाज वेगळा होता. "उद्या येऊ का गं? एकटीच?" मला वाटलं, पुन्हा ओढून बघायचं असेल.

त्या संध्याकाळच्या खेळाला उभं राहायला जागा मिळेना. मी येताच लोक हातांनीच फट् फट् असा आवाज काढायला लागले. आबासाहेब माझ्याशी बोलले नाहीत. पण सोमवारी खेळ नसतो, आणि सोमवारी सकाळी त्यांनी पोस्टर रंगवणाऱ्या जमादारचाचांना माझ्याकडं पाठवलं. पुढच्या गावासाठी पायपकडीचं मोठं पोस्टर हवं होतं.

"मालक म्हणाले, जशी आहे तशी काढ," चाचा डोकं खाजवत म्हणाले. "पण बेटी, बायकांसाठी माझ्याकडं गुलाबीच आहे. तपकिरी डबा घोड्यांचा."

"मग घोड्यांचाच उघडा."

त्यांनी उघडला. मी उन्हात दोन्ही हात वर करून उभी राहिले. एकोणीस वर्षं मी पुढं झोक्यावर काढली, किती तरी पोस्टरांवर आले. पण चाचांनी ब्रश बुडवून पहिला फराटा मारला, आणि तो माझ्या पायाच्या रंगाचा निघाला, तेव्हा मला जे वाटलं तसं परत कधी वाटलं नाही. माझी मान ताठ झाली. चाचा म्हणाले, "हलू नकोस, हलू नकोस," आणि मी हलत नव्हतेच.

तेवढ्यात अनसूयाबाई आल्या. हातात शेंगांच्या पोळ्यांचा डबा. त्या इकडंतिकडं बघत कपड्यांच्या तंबूत शिरल्या, तशी मी चाचांना सोडून मागं गेले. ताराक्का शिवत बसली होती.

"दार लावता येतं का?" बाईंनी विचारलं.

ताराक्कानं तंबूचा पडदा सोडला. बाईंनी पातळ गुडघ्यापर्यंत उचललं. दोन्ही पोटऱ्यांवर कोड होतं. मोठे, पांढरे, वेडेवाकडे डाग.

"पहिल्या बाळंतपणानंतर आलं," त्या म्हणाल्या. "घरात ह्यांना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. सात वर्षं झाली. मी नदीला गेले तर काठावर उभी राहते. जिना चढताना मागून कुणी येत असेल तर थांबते, त्याला आधी जाऊ देते. काल तुझ्या पायाला हात लावला आणि..." त्यांनी वाकून एका डागावर बोट ठेवलं. "माझ्या रंगाचं होईल का?"

ताराक्कानं दातांत धरलेला दोरा तोडला, वाकून बाईंची पोटरी न्याहाळली, जशी माझी न्याहाळली होती तशीच.

"गव्हाळ हाय. कात नगं. निस्ता चहा, आन तोबी पातळ," ती म्हणाली. "शालन, चूल पेटव."

"आक्का, आबासाहेबांना काय सांगायचं? एक टाइट कमी झाली तर?"

"उंदरानं न्हेली."

दोन उकळ्यांत रंग जमला. ती वाळेपर्यंत आम्ही तिघींनी मिळून शेंगांच्या पोळ्या संपवल्या. "पावलं कापू का?" ताराक्कानं विचारलं. "कापा," बाई म्हणाल्या, "नाहीतर जोडवी अडकतील."

पडद्याआड त्यांनी टाइट चढवली. मग पडदा हलला आणि त्या बाहेर आल्या, दोन्ही हातांनी पातळ गुडघ्यापर्यंत धरून, खाली बघत. दोन पावलं चालल्या. वळून मागून पोटऱ्या बघायचा प्रयत्न केला, तोल गेला, स्वतःशीच हसल्या. उन्हात गेल्या. पुन्हा बघितलं.

मैदानात आमचा सरावाचा एक लहान झोका होता, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीचा. नव्या पोरींना शिकवायला.

"यावर बसू?"

"बसा की!"

मी हात दिला. त्यांनी पातळ वर खोचलं, दोऱ्या घट्ट धरल्या आणि बसल्या. मी हळूच ढकललं. त्यांचे पाय पुढं गेले, वर गेले, उन्हात चकाकले. पलीकडून सायकलवाले चालले होते. त्यांनी बघितलं आणि आपल्या वाटेनं गेले. ते बघतायत, हे बाईंनी बघितलं. पातळ खाली ओढलं नाही.

मी पुन्हा ढकललं. केसांतलं अबोलीचं फूल सुटून खाली पडलं.

"पडाल हं बाई," मी म्हणाले.

"पडू दे," त्या म्हणाल्या. "जोरात ढकल. अजून जोरात."